ठाणे खाडीतील होडीप्रवास

साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील सुमारे २६ किमी. लांबीच्या ठाणे खाडीतून लहान होडीने केला जाणारा प्रवास. खाडी उत्तरेस अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली असून दक्षिणेस मुंबई बंदरात उघडते.

खाडीच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. काही भूवैज्ञानिक तिला दख्खनच्या बेसाल्टमधील (काळ्या लाव्हाखडकातील) भ्रंशरेषेवर, म्हणजे थर सरकून पडलेल्या भेगेवर, तयार झालेला खळगा मानतात. इतरांच्या मते हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली तेव्हा बुडालेले हे जुने नदीखोरे होय. उल्हासचे पाणी पूर्वी याच वाटेने दक्षिणेस वाहत असावे, असाही तर्क आहे. खडकातील कमकुवत रेषेवर नदीने खोरे कोरले आणि ते पुढे, बहुधा गेल्या दहा हजार वर्षांत, बुडाले, हा मेळ अधिक पटण्याजोगा वाटतो. आज खाडीला मिळणारे ओढे एवढे रुंद पात्र कोरण्याइतके मोठे नाहीत.

इ. स. पहिल्या शतकाच्या सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरप्रवास-मार्गदर्शिकेत उल्हास नदीवरील कल्याण बंदराचा उल्लेख येतो. १८५४ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचल्यावर जलमार्गाचे महत्त्व ओसरले.

होडी हाकणाऱ्याचा खरा आधार तिथी. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते : अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढते, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) जेमतेम हलते. ओहोटीत होडी चिखलावर बसली, तर पुढच्या भरतीपर्यंत सुटका नाही. ढकलायला उतरणारा मांडीपर्यंत रुततो. अशा वेळी तिवरांच्या चिखलाबाहेर डोकावणाऱ्या श्वासमुळांमधून उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) हाताच्या अंतरावर दिसतात. तिवराच्या पानावर बोट फिरवल्यास मिठाचे बारीक कण लागतात. झाड जादा क्षार असेच बाहेर टाकते.

खाडीच्या १६.९ चौ. किमी. क्षेत्राला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली. दोन्ही काठांवर एवढी दाट वस्ती असताना ही पाणथळ टिकून आहे, हे मोलाचे आहे. रोहित ओहोटीच्या चिखलावर चरतात आणि भरतीला नेरूळ, बेलापूर, भांडुपकडील उथळ पाण्यावर विसावतात. या जागा भराव टाकून बुजवल्या, तर अभयारण्य राखूनही थवे टिकणे अवघड. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या ऐरोली केंद्रातून बोटफेऱ्या निघतात. बोटीला पाणी हवे आणि पक्ष्यांना उघडा चिखल. दोन्ही जुळेल अशी वेळ थोडीच सापडते, म्हणून फेरीची वेळ रोज बदलते.