पाण्यातली ‘झोप’: पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे काका बुडालेल्या माणसाबद्दल ‘त्याला पाण्यात झोप लागली’ असंच म्हणायचे. मुलांसमोर मोठी माणसं शब्द सांभाळून वापरतात, तसंच हे असेल असं वाटायचं. पण खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्या माणसांचा इतिहास वाचला की काकांचा शब्द बराचसा बरोबर निघतो. फक्त ही झोप एका जातीची नाही.

सगळ्यात जुनी नोंद गुंगीची. दाबाखालच्या हवेत माणूस बरळतो, हे 1830च्या दशकात फ्रेंच डॉक्टर जुनो यांनी लिहून ठेवलं होतं. 1878 मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेअर यांनीही दाबाखालची हवा भूल दिल्यासारखी वागते असं नोंदवलं. कारण मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कोणाच्या हाती लागलं नाही. खोलवर गेलेले पाणबुडे विचित्र वागतात, हुकूम विसरतात, याचं खापर कधी भीतीवर फुटे, कधी हवेतल्या अशुद्धीवर. 1935 मध्ये अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेंकी यांनी बोट ठेवलं ते थेट नायट्रोजनवर, म्हणजे आपल्या प्रत्येक श्वासातल्या जवळपास चार पंचमांश हवेवर! तीस मीटरवर दाब चौपट होतो आणि हा निरुपद्रवी वायू मेंदूला भूल घालू लागतो. जो वायू चरबीत जास्त विरघळतो त्याची गुंगी जास्त, हा नियम भूलतज्ज्ञांना आधीच माहीत होता. हेलियम चरबीत फारच कमी विरघळतो. म्हणून 1937 मध्ये अमेरिकी पाणबुडे मॅक्स नोल हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण घेऊन मिशिगन सरोवरात 420 फूट खाली जाऊन आले, आणि दोनच वर्षांनी बुडालेली ‘स्क्वालस’ पाणबुडी वर काढताना अमेरिकी नौदलाने हेच मिश्रण वापरलं. हेलियमचा हा धडा सगळ्यांनी घेतला असं नाही. 1947 मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोंच्या तुकडीतले मॉरिस फार्ग साध्या हवेवर 120 मीटरच्या आसपास गेले आणि जिवंत परतले नाहीत.

खरीखुरी, घोरण्याची झोपही पाण्याखाली झाली आहे. 1962 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयजवळ कूस्तोंचे साथीदार फाल्को आणि वेस्ली दहा मीटर खोल ठेवलेल्या घरात आठवडाभर राहिले. तिथे बिछाने होते, त्यामुळे त्यात जीव जाण्यासारखं काही नव्हतं.

बडोद्याच्या तळ्यात किंवा तरणतलावात मात्र नायट्रोजनची काळजी करायचं कारण नाही, तेवढी खोलीच नाही. काकांची ‘झोप’ तिसरी. श्वास घ्यायची तगमग होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची शरीराला तितकी जाग येत नाही. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, ऑक्सिजनचा साठा मात्र जेमतेम वाढतो. मग तगमग उशिरा होते आणि तिच्या आधीच ऑक्सिजन संपत येऊन शुद्ध हरपते. माणूस ना हातपाय मारतो ना ओरडतो. काठावरच्यांना तो अजून बुडी धरून आहे असंच वाटतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांमध्येच हे जास्त घडतं, कारण पैजा तेच लावतात. अमेरिकेत अल्बर्ट क्रेग यांनी 1961 मध्ये अशा बेशुद्धीची कारणं शास्त्रीय नियतकालिकात मांडली.

काकांनी क्रेग यांचं नावही ऐकलं नसणार. पण तळाचा गाळ मुठीत आणायची आमची पैज लागली की ते पायरीवर उभे राहत. बुडीआधी एकच श्वास घ्यायचा. दुसरा घेताना दिसलं की पाठीत धपाटा.