पार्श्वभूमी : परीक्षेच्या कादंबऱ्या आणि एक अवघड शब्द

‘डिस्टोपिया’ म्हणजे जाचक सत्तेखालचे काल्पनिक जग. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला बसले की जगबुडी, दुःस्वप्न, नरक हे शब्द चटकन सुचतात. तिन्ही फसतात. मुलांना जीवघेण्या परीक्षेत टाकणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्या बहुधा सुरू होतात त्या जगबुडी होऊन गेल्यावर. तिथे अन्न वाटले जाते, हजेरी लागते, नियम ठरलेले असतात. दुःस्वप्नातून जाग येते, इथली माणसे जागीच असतात. नरकात आपापले पाप फेडायचे असते, इथल्या मुलांनी काहीच केलेले नसते. म्हणून मूळ शब्दच देवनागरीत ठेवणे बरे.

मूळ शब्दाचा जन्मही श्लेषातून झाला. १५१६ साली थॉमस मोरच्या पुस्तकातल्या काल्पनिक आदर्श बेटासाठी ग्रीक धातूंवरून ‘युटोपिया’ हा शब्द घडवला गेला. अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, आणि उच्चार ‘चांगली जागा’ या अर्थाच्या शब्दाशी जुळणारा. त्या बेटाची हकिकत सांगणारा प्रवासी पोर्तुगीज आहे आणि कालिकतला त्याला आपल्या देशाची जहाजे भेटतात. पोर्तुगिजांनी गोवा घेतल्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. गोव्याच्या वाचकाने हा तपशील नजरेआड करू नये. पुढे १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना एका तत्त्वज्ञ सदस्याने सरकारी धोरणाच्या समर्थकांना ‘डिस-टोपियन’ म्हटले. रोख असा, की युटोपिया आचरणात न येण्याइतका चांगला असतो, तर यांना हवे ते आचरणात न येण्याइतके वाईट आहे.

किशोरांसाठीची लाट खूप नंतरची. १९९९ च्या जपानी ‘बॅटल रॉयल’मध्ये एका वर्गातली ४२ मुले एकमेकांना मारण्यासाठी बेटावर सोडली जातात. २४ तासांत कुणीच मेले नाही तर सगळ्यांच्या गळ्यातले स्फोटक पट्टे फुटणार असतात. २००८ च्या ‘हंगर गेम्स’मध्ये १२ ते १८ वयाची २४ मुले अशाच जीवघेण्या खेळात उतरवली जातात. २००९ च्या ‘मेझ रनर’मध्ये स्मृती पुसलेला एकेक मुलगा दर महिन्याला लिफ्टने चक्रव्यूहाच्या मधोमध वर येतो.

रचना बहुतेकदा तीच : आधी नियम, मग नियमात न बसणारी एखादी गोष्ट, शेवटी परीक्षा नेमकी कशाची होती याचा उलगडा. मधली पायरी कच्ची राहिली की शेवट वरून चिकटवल्यासारखा वाटतो. ‘मेझ रनर’मध्ये ही पायरी पक्की आहे. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना सामान दर आठवड्याला बिनचूक पोचते. म्हणजे पाठवणारे कुणीतरी आहे. पुरावा पहिल्यापासून डोळ्यांसमोर असतो.

गोव्यात प्राथमिक शाळा मराठीतून केलेली मुलेही बहुधा पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यामुळे तेरा-चौदाव्या वर्षी ही पुस्तके हातात पडतात ती इंग्रजीतच. मराठीत आणायची, तर खरी अडचण क्रियापदाची. या प्रकारातल्या बऱ्याच कथा प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहेत. ‘मी धावते’ म्हटले की रोजची सवय वाटते. ‘मी धावतेय’ने क्षण पकडता येतो, पण पानभर ‘-तेय’ आले की कान किटतात. शिवाय निवेदक मुलगी आहे हे पहिल्याच वाक्यात उघड होते. लेखकाला ते झाकायचे असेल, तर अनुवाद तिथेच हरतो.

एका जागी मात्र मराठी मूळ भाषेपेक्षा सोयीची पडते. भिंतीपलीकडच्या सत्तेबद्दल मुले बोलतात तेव्हा ‘त्यांनी’ एवढेच लिहावे. तो मान एकाला दिलेला आहे की ती माणसेच अनेक आहेत, हे शेवटपर्यंत झाकलेले राहते.