आरोपीला वकील मिळतो, पण कधीपासून?

१ जुलै २०२४ ला १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कोर्टाच्या आवारात जुन्या-जाणत्यांचीही कलमे चुकायला लागली. एक कलम मात्र योगायोगाने आपल्या जुन्याच आकड्यावर येऊन बसले. वकिलामार्फत बचाव करण्याचा आरोपीचा हक्क १८९८ च्या संहितेत कलम ३४० मध्ये होता, १९७३ मध्ये तो ३०३ झाला आणि आता पुन्हा ३४० झाला आहे. सव्वाशे वर्षांत त्या वाक्यात 'आपल्या पसंतीच्या' एवढीच महत्त्वाची भर पडली. वाद त्या वाक्याबद्दल कधी फारसा झालाच नाही. वाद झाला तो हक्क सुरू कधी होतो यावर: अटकेच्या रात्री, पहिल्या रिमांडला (कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे हजर करतात तेव्हा), आरोप निश्चितीच्या दिवशी, की थेट साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर?

फार मागे जाण्यात अर्थ नाही. ज्या इंग्लंडकडून ही पद्धत आली, तिथेही गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करायची मुभा १८३६ च्या कायद्याने मिळाली. मुंबई इलाख्यात वकिलांचे नियम १८२७ च्या रेग्युलेशनांत आले. १९०८ चा मुंबईतला राजद्रोहाचा खटला प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. आरोपीने बचाव स्वतः केला, ज्युरी सात विरुद्ध दोन अशी विभागली आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ती सुनावणारे न्यायमूर्ती अकरा वर्षांपूर्वी, वकील असताना, याच आरोपीला जामीन मिळवून देणारे होते, हा तपशील बहुधा पाठ्यपुस्तकात राहत नाही. १९७३ च्या संहितेने ज्युरी कायमची घालवली आणि बचावाच्या वकिलाचे काम बदलले. वक्तृत्व मागे पडले, उलटतपास आणि कागद पुढे आले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला, पण १९५१ मध्ये, तेलंगणातल्या शेतकरी उठावातल्या फाशीच्या कैद्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्द ठरत नाही. हक्क होता, पण तो मागायचा आरोपीने, आणि पैसेही त्यानेच उभे करायचे. ही स्थिती बदलायला पंचवीस वर्षे गेली. १९७३ च्या संहितेच्या कलम ३०४ ने सेशन खटल्यात ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचा अनुच्छेद ३९अ आणला. मग १९७८ ते १९८६ या काळात निकालांची रांग लागली. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात कैद्याला निकालाची प्रत वेळेवर मिळालीच नव्हती. न्यायालयाने ठरवले की निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील, दोन्ही मोफत द्यायचे. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेपेक्षा जास्त काळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचे प्रकरण १९७९ चे. भागलपूरला पोलीस कोठडीत आरोपींचे डोळे फोडले गेले, त्या प्रकरणात डिसेंबर १९८० मध्ये स्पष्ट सांगितले गेले की मोफत वकिलाचा हक्क मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून सुरू होतो आणि तो आरोपीला सांगणे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य आहे. १९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका खटल्यात तर आरोपीने वकील मागितलाच नव्हता, तरी शिक्षा रद्द झाली, कारण मागता येतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

इथपर्यंत दिशा सरळ दिसते. ती पुढे का वळली हे कळायला पहिल्या काही दिवसांत काय घडते ते पाहायला हवे.

तालुक्याच्या कोर्टात रिमांडची वेळ बहुधा दुपारची. आरोपीला बेडी घालून किंवा हाताला धरून आणलेले असते. वकिलाला वकीलपत्रावर सही मिळते ती लॉकअपच्या गजांतून किंवा व्हरांड्यातल्या बाकावर, पोलीस शिपाई शेजारी उभा असताना. हातात रिमांड यादी असते. तिच्यात 'साथीदारांचा शोध घेणे आहे, मुद्देमाल हस्तगत करणे आहे' ही ठरलेली कारणे असतात. फिर्यादीची प्रत मिळाली तर नशीब. युक्तिवाद होतो पाच मिनिटे. याच पोलीस कोठडीच्या दिवसांत आरोपीच्या निवेदनावरून हत्यार जप्त होते, पंचनामे होतात, साक्षीदारांचे जबाब लिहिले जातात. नंतर ओळख परेड होते, कधी कबुलीजबाबही. वकिलाला हे सगळे सलग वाचायला मिळते ते दोषारोपपत्र दाखल झाल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी. तोवर पुराव्याचा सांगाडा उभा राहिलेला असतो.

त्यानंतरचे वकिलाचे काम म्हणजे त्या सांगाड्याचे सांधे तपासणे. मराठीत चालणाऱ्या कोर्टांच्या साक्षींत एक वाक्य इतक्या वेळा येते की टंकलेखकाला ते पाठ असते: 'मी पोलिसांना जबाब देताना हे सांगितले होते, ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' बाहेरच्या माणसाला हे निरुपद्रवी वाटेल. वकिलाच्या दृष्टीने तो 'ओमिशन', म्हणजे पोलीस जबाबात नसलेली गोष्ट, नोंदला गेलेला असतो. पुढे तपास अधिकाऱ्याला विचारून तो सिद्ध करायचा आणि युक्तिवादात सांगायचे की साक्षीदाराने आरोपीच्या हातातला कोयता कोर्टात पहिल्यांदा पाहिला. अशी वगळलेली गोष्ट विसंगती कधी ठरते यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा मोठा निकाल आहे, आणि १९७३ च्या संहितेत त्यावर स्वतंत्र स्पष्टीकरण घालावे लागले. 'वकिलाने शब्दांचा कीस पाडून गुन्हेगार सोडवला' असे लोक म्हणतात तो कीस बहुतेक वेळा हाच.

आता वादाचा भाग. वकिलांच्या वर्तनाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचे नियम जुने आणि निःसंदिग्ध आहेत. आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असेल तर वकिलाने काम स्वीकारायचे, विशेष कारणानेच नाकारायचे. आणि आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल आपले मत काहीही असले तरी त्याचा बचाव करायचा. तरीही देशभर वकील संघटना अधूनमधून ठराव करत आल्या: अमक्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. एकट्याने नाकारणे वेगळे, सगळ्यांनी मिळून दार लावणे वेगळे. हे ठराव गाजले ते नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर.

जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचे काम घ्यायचे नाही असा पवित्रा मुंबईतल्या वकिलांनी घेतला. मार्च २००९ मध्ये विशेष न्यायालयाने विधी साहाय्याच्या यादीतून एका वकील बाईंची नेमणूक केली, तर त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. त्यांनी सुरक्षा घेऊन काम स्वीकारले, पण त्याच घटनेतल्या एका साक्षीदाराचे कामही त्यांच्याकडे असल्याचे निघाले आणि एप्रिलमध्ये त्यांना बाजूला करण्यात आले. दुसरे वकील आले. त्यांनाही नोव्हेंबरमध्ये, सहकार्य करत नाहीत म्हणून, काढले गेले आणि उरलेला खटला त्यांच्या सहायकाने चालवला. मधेच जुलैमध्ये आरोपीने भर कोर्टात उभे राहून गुन्हा कबूल केला. त्याच्या वकिलालाही त्याची कल्पना नव्हती. खटला तरीही चालू ठेवला गेला, आणि ते योग्यच झाले.

याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. हल्ल्यासाठी हाताने काढलेले नकाशे त्यांनी पुरवले असा आरोप होता. त्यांपैकी एक नकाशा मारल्या गेलेल्या हल्लेखोराच्या पँटच्या खिशात सापडला असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशा मात्र स्वच्छ, हे बचावाने दाखवून दिले. मे २०१० मध्ये दोघे निर्दोष सुटले आणि ती सुटका उच्च व सर्वोच्च न्यायालयातही टिकली. त्यांच्यापैकी एकाच्या वकिलाने तो निकाल ऐकला नाही. फेब्रुवारीतच कुर्ल्यातल्या कार्यालयात त्याची गोळ्या घालून हत्या झाली होती. मुख्य आरोपीच्या फाशीबद्दल रकानेच्या रकाने भरले; हे दोन आरोपी आणि तो नकाशा दोन ओळींत उरकला गेला. वकील न देण्याचा ठराव सगळ्या आरोपींना लागू झाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर मात्र त्या नकाशात आहे.

बहिष्काराच्या ठरावांवरचा निकाल वेगळ्याच प्रकरणात आला. कोईम्बतूरला वकील आणि पोलीस यांच्यात झटापट झाली होती आणि तिथल्या वकिलांनी आरोपी पोलिसांचे काम न घेण्याचा ठराव केला होता. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले, मग आरोपी दहशतवादी असो, बलात्कारी असो की सामूहिक हत्या करणारा. निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांच्या वकील संघटनांना आणि त्यांच्यामार्फत जिल्ह्याजिल्ह्याला पाठवायला सांगितली. ती पोचलीही असेल. पण दोन वर्षांनी दिल्लीतल्या बसमधल्या सामूहिक बलात्कारानंतर साकेत कोर्टातल्या वकिलांनी तोच पवित्रा घेतला, आणि पुढेही गाजलेल्या प्रकरणांत हे थांबले नाही. ठराव कागदावर आला नाही तरी तोंडी निरोप पुरतो.

ऑगस्ट २०१२ चा मुंबई हल्ल्याचा निकाल मात्र मूळ प्रश्नाला हात घालतो. आरोपीच्या बाजूने मांडला गेलेला मुख्य मुद्दा असा होता, की अटकेपासून खटला सुरू होईपर्यंत त्याला वकील नव्हता आणि फेब्रुवारी २००९ मधला मॅजिस्ट्रेटसमोरचा कबुलीजबाब त्याच काळातला आहे. सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. खटल्याच्या टप्प्यावर वकिलाचा हक्क पूर्ण आहे, आरोपीने मागितला नाही तरी न्यायालयाने वकील द्यायचा; त्याने समजून-उमजून, स्पष्ट शब्दांत नको म्हटले तरच अपवाद. पहिल्यांदा हजर केल्यावर मॅजिस्ट्रेटने हा हक्क सांगितलाच पाहिजे, नाही सांगितला तर त्याच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. आणि तिसरी: त्या आधीच्या टप्प्यात वकील मिळाला नाही एवढ्याने खटला रद्द होत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले हे दिसले पाहिजे. या आरोपीने आधी भारतीय वकील नाकारून पाकिस्तानी वकील मागितला होता, त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्न अवघड नव्हता.

इतरांसाठी तो अवघड आहे. मॅजिस्ट्रेटची चूक झाली तर मॅजिस्ट्रेटची खातेनिहाय चौकशी. आरोपीच्या खटल्याला त्याचा फायदा नाही. नुकसान दाखवायचे आरोपीने, आणि ज्या दिवसांत ते झाले त्या दिवसांची नोंद पोलिसांच्या डायरीत, जी तो बघू शकत नाही. १९८० ने दिलेले २०१२ ने काढून घेतले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण दात काढले हे नक्की. या निकालाच्या समर्थकांचे उत्तर असे की प्रत्येक तांत्रिक उणिवेवर सिद्ध गुन्हा सोडून देणे न्यायाला परवडणार नाही. उत्तर वजनदार आहे. ते अशा खटल्यात दिले गेले जिथे गुन्हा छायाचित्रांत होता. लागू होते ते जिथे पुरावा फक्त एका पंचनाम्यावर उभा आहे तिथेही.

गंमत म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, ३१ ऑगस्ट २०१२ ला, त्याच न्यायालयाने १९९७ च्या दिल्लीतल्या बस स्फोटात फाशीची शिक्षा झालेल्या पाकिस्तानी आरोपीच्या फेरखटल्याचा आदेश दिला, कारण बहुतेक साक्षीदार त्याला वकील नसतानाच तपासले गेले होते. फेरखटल्यात, जानेवारी २०१३ मध्ये, तो स्फोटाच्या आरोपातून सुटला.

नंतरच्या वर्षांत प्रश्न 'वकील आहे का' वरून 'तयारीचा वकील आहे का' इकडे सरकला. मध्य प्रदेशातल्या खंडव्यात २०१३ मध्ये एका फाशीच्या खटल्यात मोफत वकील नेमला गेला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात निकाल लागला. डिसेंबर २०१९ मध्ये तो रद्द झाला. जन्मठेप किंवा फाशीच्या प्रकरणात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमायचा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यायचे, असे तेव्हा ठरले. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था आली आहे. पूर्वी यादीतल्या वकिलाला खटल्यामागे तुटपुंजी रक्कम मिळे, आता ठरावीक मानधन मिळते आणि खासगी वकिली करता येत नाही. नव्या संहितेच्या कलम ३४१ ने सरकारी खर्चाच्या वकिलाची तरतूद सेशन कोर्टापुरती न ठेवता इतर कोर्टांतल्या खटल्यांना आणि अपिलांनाही लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यातले अपवाद सोडून अशिलाबद्दलची माहिती काढायला वकिलाला बोलावता येणार नाही, आणि अपवाद असला तरी पोलीस अधीक्षकाच्या खालच्या नसलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी.

पोलीस चौकशीच्या वेळी वकील, हा भाग मात्र डिसेंबर १९९६ च्या कोठडी-मृत्यूंवरच्या निकालात होता तिथेच आहे: वकिलाला भेटता येईल, पण संपूर्ण चौकशीभर नव्हे. २०१० मध्ये ते संहितेत कलम ४१ड म्हणून आले, आता ते कलम ३८ आहे. कधी कधी न्यायालय आरोपीच्या अर्जावरून वकिलाला बसायची परवानगी देते, तीही बहुधा काचेपलीकडे, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.