ऑक्सिजनचा अलार्म थोडा उशिरा वाजलेलाच बरा

आयसीयूत रुग्णाने नुसती कूस बदलली तरी बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा, म्हणजे प्रोब, हलतो, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) क्षणभर ८६ टक्के दिसतं आणि मॉनिटर वाजायला लागतो. सिस्टर धावत येईपर्यंत आकडा पुन्हा ९६! अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली काढलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं, की मॉनिटरच्या ८५ ते ९९ टक्के अलार्मवर काहीही उपचार करावे लागत नाहीत. सतत वाजणाऱ्या आवाजाला कान सरावतात आणि मग खरा अलार्मही दुर्लक्षिला जातो. याचं खापर नर्सवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रोब तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या शोषणावरून ऑक्सिजनचं प्रमाण काढतो. हात हलला की शिरांमधलं रक्तही हिंदकळतं आणि हिशेब चुकतो. असे चुकीचे आकडे बहुधा काही सेकंदांतच सावरतात, म्हणून अलार्मलाच जरा थांबायला लावायचं. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की १९ सेकंदांचा विलंब ठेवला तर आयसीयूतले दुर्लक्षित आणि निरुपयोगी अलार्म ६७ टक्क्यांनी घटतील.

पण सरसकट विलंबात एक अडचण आहे: ८९ आणि ७० या दोन्ही आकड्यांना तो सारखाच थांबवतो. नेलकॉर या ब्रँडच्या मॉनिटरमधली युक्ती त्यामुळे मला जास्त पटते. त्यात आकडा अलार्मच्या मर्यादेच्या किती खाली गेला आणि किती सेकंद तिथे राहिला, यांचा गुणाकार होतो. मर्यादा ९० आणि गुणाकाराची सीमा १०० असेल, तर ८६ वर अलार्म २५ सेकंदांनी वाजतो, ८० वर १० सेकंदांतच. शिवाय मिनिटभरात तीनदा घसरण झाली, तर शंभरची वाट न पाहता वाजतो.

आणखी एक गोष्ट वॉर्डात सहज विसरली जाते. पडद्यावरचा आकडा मुळात मागच्या काही सेकंदांची सरासरी असतो. ती सरासरी लांब ठेवून वर विलंबही लावला, तर दोन्ही उशीर एकावर एक चढतात.

सर्वांत जपायचं ते शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनसारखं वेदनाशामक आणि नळीने ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाला. औषधाने त्याचा श्वास मंदावला तरी नळीतल्या ऑक्सिजनमुळे सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं. म्हणजे अलार्मच्या आधी आकडाच उशिरा पडतो. अशा रुग्णाच्या श्वासाची गती मोजायलाच हवी, आणि सोय असेल तिथे श्वासातला कार्बन डायऑक्साइडही.