भरलेली बंदूक उशाशी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून ऐकू येतं, "बंदूक भरून उशाशी असली तरच वेळेला उपयोगी." चंबळच्या डाकूंची ही धास्ती. डाकू गेले, वाक्य राहिलं.

"अरे, सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणून असलेला खटका) लावलीय की!" असं काका ठासून सांगतात. पण बऱ्याच बारा बोअरच्या दुनाळ्यांत (दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुकांत) सेफ्टी फक्त चाप अडवते. काडतुसावर ठोका देणारा आतला घोडा ताणलेलाच असतो. भाग झिजलेले असले आणि बंदूक आपटली, तर चापाला बोट न लावताही बार उडू शकतो. शिवाय दचकून उठलेल्या माणसाला अंधारात चोर कोण आणि पाणी प्यायला उठलेला नातू कोण, हे कुठे कळतं?

म्हणून बंदूक रिकामी करून लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. (कपाटावरच्या डब्यात नको, तो पोरांना आधी सापडतो.) २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागताना सुरक्षित साठवणीची लेखी हमी द्यावीच लागते.

आणि आजोबांची बंदूक आपोआप नातवाची होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक गेल्यावर वारसांनी ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज.