जुनी लक्झरी गाडी घेताय? आधी इंजिन ठरवा, आणि ते थंड असताना दाखवा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली)

वॉरंटी संपलेल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी गाड्यांची कामं आम्ही करतो. सांगली-मिरजेपासून तासगाव, विटा, जयसिंगपूरपर्यंतचे मालक फोन करून एकच विचारतात, "कुठलं इंजिन घेऊ?" फोन येतो तो मात्र विसार देऊन झाल्यावर. एकदा विसार दिला की गाडीतलं फक्त चांगलं दिसायला लागतं, मग आम्ही काही खोट काढली की आम्हीच वाईट. म्हणून हे पत्रक विसाराआधी वाचा.

आधी तुमचं रनिंग सांगा

आठवड्याला पुण्या-मुंबईची फेरी असेल तर खुशाल डिझेल घ्या. विश्रामबागेतून दवाखाना, दवाखान्यातून घर आणि रविवारी फार तर हरिपूर, एवढंच चालणं असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी डिझेलच्या नादी लागू नका. कारण डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी ही जाळी. साठलेली काजळी जाळायला तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. हायवेला गाडी एका लयीत पळाली की हे काम आपोआप उरकतं. गावात पाच-सहा किलोमीटरवर चावी बंद होते आणि जळण अर्धवट राहतं. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं आणि मालक खूश, "आमची गाडी ऑइल खात नाही." पट्टीचा वास घेऊन बघा, डिझेलचा येईल. त्याच पातळ झालेल्या ऑइलवर तुमचा टर्बो फिरत असतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला ही जाळी असतेच, त्याआधीच्या बऱ्याच लक्झरी गाड्यांनाही आहे. "काढूनच टाका की" म्हणणारे महिन्याला भेटतात. आम्ही काढत नाही. ते बेकायदा आहे, आणि असली गाडी पुढे विकायला निघाली की शहाणा गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच तपासतो.

आरसीवरचा सीसी वाचा

मागचा बिल्ला बदलता येतो, आणि एकाच बिल्ल्याखाली वेगवेगळी इंजिनंही येऊन गेलीत. आरसीवरचा सीसी त्या मानानं खरं बोलतो.

मर्सिडीजच्या चार सिलिंडर डिझेलमध्ये २१४३ असेल तर ते जुनं ओएम ६५१. दणकट आहे, पण टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) मागच्या बाजूला, ते का नडतं ते पुढे सांगतो, आणि सुरुवातीच्या गाड्यांमधल्या पिएझो इंजेक्टरांनी (डिझेल फवारणाऱ्या) बऱ्याच जणांना रडवलं. इंजेक्टर बदलल्याचं बिल असेल तर ती गाडी उलट चांगली समजा. १९५० असेल तर नवं ओएम ६५४. आवाज कमी, ॲव्हरेज चांगलं, भावही तसाच. आमची पसंती विचाराल तर हायवेवाल्यासाठी हेच. २९८७ म्हणजे सहा सिलिंडरचं व्ही-६. ओढ अशी की खंबाटकी चढल्याचं कळत नाही, मात्र इंजिनाच्या बेचक्यात ऑइल कूलर आहे, त्याचे सील झिरपतात. सील स्वस्त, तिथवर पोचायची मजुरी महाग.

ऑडीच्या १९६८ सीसी डिझेलला चेनऐवजी टायमिंग बेल्ट. लोक बेल्ट म्हटलं की नाक मुरडतात. आम्हाला तोच आवडतो, कारण तो पुढच्या बाजूला असतो आणि वेळेवर बदलला की विषय संपतो. बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलला, त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून भाव पाडा.

गावातल्या वापराला ऑडीचं १३९५ सीसी पेट्रोल चांगलं, २०१६ नंतरच्या काही वर्षांच्या ए-४ मध्ये मिळतं. त्याआधीच्या ए-४ मधलं १७९८ सीसी पेट्रोल चालवायला मजेदार, पण पिस्टन रिंगांमुळे ऑइल पितं आणि चेन ताठ ठेवणारा टेन्शनरही कमजोर. मर्सिडीजच्या १७९६ सीसी पेट्रोललाही चेन ताणल्याचा आजार आहे.

बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडर पेट्रोलमध्ये एका सीसीचा खेळ आहे. १९९७ म्हणजे एन २०, ज्याच्या चेनला वाटेवर धरणारे प्लॅस्टिक गाइड झिजून तुटतात. १९९८ म्हणजे नंतरचं बी ४८, ज्याला आम्ही डोळे झाकून नाही, पण एक डोळा झाकून हो म्हणतो. डिझेलला ही युक्ती चालत नाही. एन ४७ आणि त्यानंतर आलेलं बी ४७, दोन्ही १९९५ सीसीच. बदल २०१४-१५ च्या सुमारास मॉडेलप्रमाणे पुढंमागं झाला. तेव्हा ३२० डी किंवा ५२० डी बघत असाल तर आरसीचा फोटो पाठवा, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर दोन्ही दिसतील असा. कुठलं इंजिन आहे ते आम्ही शोधून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

गाडी गरम आणू नका

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते. नव्वद टक्के लोक गाडी कोल्हापूरहून किंवा पुण्याहून चालवत आणतात, दारात चालूच ठेवतात आणि म्हणतात, "अर्ध्या तासात जरा बघून सांगा." अर्ध्या तासात रंग, टायर आणि एसी सांगता येतो. चेन सांगता येत नाही.

चेन ताठ ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं. सकाळी पहिली चावी मारल्यावर दाब तयार व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. ताणलेली चेन तेवढ्यात आपटते आणि खडखड ऐकू येते. दाब आला की आवाज गायब, मग दिवसभर इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. म्हणून आमचा माणूस पहिल्या चावीच्या आधी बॉनेट उघडून उभा असतो, आणि कान काचेच्या बाजूला, इंजिनाच्या मागच्या टोकाशी लावतो. एन ४७ ची चेन त्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. चेन, गाइड, टेन्शनर यांची किंमत सोसते, मजुरी सोसत नाही. आणि चालत्या गाडीत चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, मग मजुरीचं बोलणंच नको.

थंड इंजिनात आणखी गोष्टी कळतात. पहिला धूर निळा आला तर ऑइल जळतंय. इंजिन सुरुवातीला मिसिंग मारून मग सुरळीत झालं तर इंजेक्टर बघायचे. गरम इंजिन हे सगळं झाकतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा पहिला हात बॉनेटवर ठेवा. सकाळी नऊला बॉनेट कोमट लागलं तर गाडी आधीच कुणी चालू केली ते विचारा.

म्हणून आमचा नियम असा: गाडी संध्याकाळी आणायची, रात्री आमच्याकडे राहील, सकाळी पहिली चावी आम्ही मारणार. यावर कुरकुर होते. "एवढं काय, मुंबईचे लोक व्हिडिओ कॉलवर गाडी घेतात." घेतात, आणि नंतर टोचनवर इकडेच येतात. विकणारा रात्रभर गाडी सोडायला तयार नसेल तर आमचा माणूस सकाळी त्याच्या दारात येईल. सांगली-मिरज-कुपवाडला येण्याचे पैसे नाहीत, त्यापलीकडे पेट्रोलखर्च. कुणी दोन्हीला नाही म्हणत असेल तर ती गाडी सोडा.

दुसरी विनंती, येण्याआधी कुणाकडूनही स्कॅनर लावून कोड (गाडीनं नोंदवलेले बिघाड) उडवून घेऊ नका. चेक लाइट जाते, पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात आणि आमच्या स्कॅनरवर त्या अपूर्ण दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच फिरवावी लागते. तुमचाही दिवस जातो, आमचाही. तसंच इंजिन धुऊन, पॉलिश मारून आणू नका. ऑइल कुठून झिरपतंय ते आम्हाला बघायचं असतं.

दिल्ली पासिंग आणि महापूर

दिल्ली भागात दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली, २०२५ मध्ये कोर्टानंच ती सैल केली. या बंदीमुळे तिकडून सात-आठ वर्षांची डिझेल पडत्या भावात इकडे येऊ लागली. स्वस्त म्हणून वाईट असं नाही, पण एनओसी, इथला टॅक्स आणि एमएच-१० पासिंग मिळवून भाव मोजा. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रांगलेल्या गाडीचा डीपीएफ किती भरलाय ते स्कॅनरवर आकड्यात दिसतं. मीटर फिरवलं असेल तर काही वेळा गिअरबॉक्सच्या मोड्यूलमध्ये (छोट्या कॉम्प्युटरमध्ये) वेगळे किलोमीटर सापडतात.

आपल्याकडच्या गाड्यांना २०१९ आणि २०२१ चा महापूर विचारायचाच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी मारली असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, आणि तशीही गाडी पुढे काही महिने चालते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सगळ्या सिलिंडरना सारखं आहे का, ते आम्ही अशा गाडीला वेगळं मोजतो.

फी

तपासणीची फी आधी घेतो, आणि गाडी घेऊ नका असं सांगितलं तरी ती परत मिळत नाही. गाडी घेतलीत तर पहिल्या सर्व्हिसच्या बिलातून पूर्ण वजा होते. एजंटाकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे दोन-तीन एजंट आमच्याकडे गाडी पाठवायला नाखूश असतात. रिपोर्ट लेखी देतो, तो दाखवून भाव कमी करून घ्या. बहुतेकांची फी तिथेच वसूल होते.

येताना आरसी, सर्व्हिसची बिलं आणि असेल तर दुसरी चावी आणा. विसार दिला असेल तर तेही सांगा, म्हणजे परत मागता येण्याच्या मुदतीत तुमची गाडी आधी घेऊ. गाड्या संध्याकाळी सातपर्यंत आत घेतो, रात्री वॉचमन असतो.