'आला का?' न विचारता मेल कसा कळतो?

"पासवर्ड बरोबर टाकून राहिलो ना मी, तरी काऊन चूक म्हणते हे?"

मे महिन्यातल्या दुपारी शेजारचे काकाजी लॅपटॉप काखेत मारून आमच्या कूलरसमोर येऊन बसले. थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये त्यांना आपलं ईमेल खातं जोडायचं होतं. पासवर्ड खरंच बरोबर होता. पण नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या ॲपच्या हाती देणं आता बऱ्याच मेल सेवांना चालत नाही. गूगलने मे २०२२ च्या अखेरीपासून ते बंद करायला घेतलं. आता ॲप त्या सेवेचंच लॉगिन पान उघडतं, तुम्ही तिथे संमती देता आणि ॲपच्या हाती पासवर्ड नाही, फक्त परवाना पडतो. नाहीतर दुहेरी पडताळणी सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड काढायचा. काकाजींचं काम त्यावर भागलं.

पुढचा प्रश्न पॉप की आयमॅप, म्हणजे मेल ॲपपर्यंत आणायची कुठली पद्धत. इथे काकाजी आधी एकदा पोळलेले. कुठल्याशा ॲपमध्ये पॉप निवडलं आणि फोनमधले सगळे मेल गायब! व्हायरस नाही, कुणाची नजरही नाही. १९८४ चं पॉप म्हणजे सर्व्हरवरून, मेल सेवेच्या संगणकावरून, मेल उतरवून घ्यायचा आणि तिथला पुसून टाकायचा. 'प्रत सर्व्हरवर ठेवा' ही खूण केली नसेल तर फोनला दाखवायला काही उरतच नाही. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला रचलेल्या आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहतो. फोन काय, लॅपटॉप काय, दोघंही तोच बघतात.

पण आयमॅपमधली माझी लाडकी गोष्ट वेगळीच आहे. नवा मेल आल्याचं ॲपला कळतं कसं?

नागपूर स्टेशनवर कुणाला घ्यायला गेलात आणि दर पाच मिनिटांनी चौकशी खिडकीवर "विदर्भ आली का?" विचारत राहिलात, तर तुमचेही पाय दुखतील आणि बाबूही वैतागेल. जुनी ॲप्स हेच करायची. १९९७ मध्ये आयमॅपला 'आयडल' ही आज्ञा मिळाली. ॲप इनबॉक्स उघडतं, 'आयडल' म्हणतं आणि बाकावर बसतं. सर्व्हर गप्प. मेल आला की तिकडून एकच ओळ येते: '* २४ एक्झिस्ट्स'. म्हणजे पेटीत आता २४ मेल आहेत. कुणाचा, कशाबद्दल, काही नाही! ॲप 'डन' म्हणून उठतं, चोविसावा मेल मागून घेतं आणि पुन्हा 'आयडल'.

आणखी एक गंमत. अर्धा तास हालचाल नसेल तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. म्हणून ॲपने दर २९ मिनिटांच्या आत एकदा 'डन' म्हणावं आणि लगेच पुन्हा 'आयडल', असं नियमातच लिहिलंय. बाकावर बसल्या बसल्या खाकरून 'आहे बरं मी' सांगण्यासारखं. ही पहारेदारी एका जोडणीवर एकाच फोल्डरची असते. फिल्टर लावून दुसऱ्या फोल्डरात वळवलेला मेल कधी कधी न वाजताच येऊन पडतो, तो यामुळे. 'एआयने चालणारं क्रांतिकारी मेल ॲप' अशी जाहिरात दिसली की मला ही खाकरणीच आठवते. वरचा रंग नवा, खाली बहुधा तोच चाळिशीचा आयमॅप.

तर काकाजींनी आयमॅपचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ९९३ टाकला, मेल धडाधड उतरले. मग त्यांनी स्वतःलाच 'टेस्ट' पाठवला. जाईना. आयमॅपला पाठवता येतच नाही; मेल पाठवायचं काम एसएमटीपी या वेगळ्या पद्धतीकडे, १९८२ पासून. त्याचा सर्व्हर वेगळा, पोर्ट वेगळा. काकाजींनी तिथे २५ घातला होता. तो सर्व्हरांनी आपसात बोलायचा पोर्ट, घरच्या जोडणीवर बहुतेकदा बंदच ठेवतात. ५८७ केला.

काकाजींच्या खिशातला फोन आधी वाजला, लॅपटॉप मागून.